रिकामं रान म्हणजे मेलेलं रान? मामा, तो मेसेज पुसा आधी

राधानगरीकडच्या मामांनी रविवारी सकाळी एक फॉरवर्ड पाठवला. खाली त्यांची स्वतःची ओळ: "हे वाच. लाकूडवाल्याला बोलावलंय." हाच मेसेज आमच्या कोल्हापुरातल्या तीन ग्रुपवर येऊन गेला होता, मी न वाचता पुढं गेलो होतो. आता घरातच आला.

म्हणणं असं: रानाच्या ज्या तुकड्यात जनावर दिसत नाही तो मेला, बिनधास्त मोकळा करा, जनावरं आपोआप दुसरीकडं जातात, लहान तुकड्यात तसंही काही टिकत नाही, आणि गवे गावात येतात म्हणजे त्यांची संख्या बेसुमार झाली.

मामांचं मालकीचं दोन एकर रान आहे. ऐन, किंजळ, हिरडा, ओढ्याकडेला जांभळं. शेकरू चार-पाच वर्षांत दिसलेलं नाही. एका जांभळाच्या बेचक्यात त्याचं काटक्यांचं घरटं तेवढं विस्कटत चाललंय. म्हणजे मेसेजच्या हिशेबानं रान मेलं.

फिनलंडच्या ओलांड बेटांवर सुमारे ४००० छोटी कुरणं विखुरलेली आहेत. इल्का हान्स्की या शास्त्रज्ञाच्या गटानं १९९३ पासून दर शरद ऋतूत तिथं एका फुलपाखराच्या अळ्यांची जाळी मोजली. अळ्या एकाच जाळ्यात गोळा होऊन राहतात, म्हणून मोजता येतात. (त्या खातात ती एक वनस्पती आपल्या इसबगोलाच्या कुळातली.) कुठल्याही वर्षी बघा, बहुतेक कुरणं रिकामी! काही कुरणांतून फुलपाखरू दरवर्षी नाहीसं होतं, दुसऱ्या काही रिकाम्या कुरणांत शेजारून उडून येऊन पुन्हा वसतं. सगळी वस्ती टिकते ती या ये-जा करण्यावर. आज रिकामी म्हणून ती कुरणं नांगरली, तर इकडं मेलेल्यांची भरपाई तिकडं होणार कुठं?

हे नाहीसं होण्याचं नि पुन्हा वसण्याचं गणित रिचर्ड लेव्हिन्स या शास्त्रज्ञानं १९६९ मध्ये मांडलं, तेही कीड कशी हटवावी याचा विचार करताना. म्हणजे आपल्या मेसेजवाल्यानं शेकरूसाठी कीडनाशाची कृती सांगितलीय.

"आपोआप दुसरीकडं जातात" म्हणे. शेकरू क्वचितच जमिनीवर उतरतं, फांदीवरून फांदीवर जातं. मधे उसाचा फड आला की वाट संपली. फुलपाखरू उडून येईल, शेकरूला झाडांची रांग लागते.

लहान तुकड्यात टिकत नाही, हे मात्र निम्मं खरं, नाइलाजानं मान्य करतो. चार-दोन जनावरं एका आजारात, एका वाईट उन्हाळ्यात संपतात. पण तोडून उरलेला तुकडा आणखी एकटा पडतो, एवढं मेसेजवाल्याला कळत नाही?

गव्यांचं राहू दे. गवा उसाला नि पाण्याला येतो. चार गवे रस्त्यावर दिसले म्हणजे मोजदाद झाली होय?

मी फोन केला. मामा म्हणाले, "मग शेकरू येणार कधी, ते सांग की."

मी विचारलं, "वरच्या फॉरेस्टच्या रानापासून तुमच्या बांधापर्यंत झाडं सलग आहेत का?"

थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ओढ्याची जांभळं आहेत तेवढी. लाकूडवाल्यानं पहिली खूण तीच केलीय."