ट्रेन पकडली म्हणजे चीटिंग?

आज सकाळी राइडनंतर चहाला थांबलो होतो. विषय आमच्या डॅन्यूब नदीकाठच्या सायकल ट्रिपवर आला. जर्मनीतलं पासाऊ ते ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना, तीनशेच्या वर किलोमीटर. मी अगदी रंगात येऊन सांगत होते, तेवढ्यात ग्रुपमधला एक भिडू बिस्किट बुडवत म्हणाला, "म्हणजे मध्ये ट्रेन पकडलीत? मग चीटिंगच की, ताई!" सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन पोळ्या लाटताना मात्र डोक्यात गेलं.

चीटिंग कुणाशी? नदीशी? पैज लावली होती का आम्ही कुणाशी? अरे, पायी वारी करणारी माणसंसुद्धा पंढरपूरहून घरी एसटीने येतात. त्यांची वारी बाद झाली असं म्हणायची छाती आहे का कुणाची?

झालं होतं असं. वाटेतलं लिंझ शहर सोडलं तेव्हा भुरभुर होती, तासाभरात धो धो सुरू झाला. नवऱ्याच्या गुडघ्याचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालंय. दुखतंय असं तो कधी सांगायचा नाही, पण सपाट रस्त्यावर त्याने गिअर हलका केला की मला कळतं. एन्स नावाचं जुनं गाव लागलं, त्याला १२१२ साली नगराचा दर्जा मिळालाय म्हणे, पण आम्ही बघितलं फक्त स्टेशन. पॅनियरसकट (कॅरिअरला लटकवायच्या बॅगा) दोन ओल्या सायकली, दोन ओली माणसं. मेल्कपर्यंत जायचं, म्हणजे आमच्या वेगाने दीड दिवसाचं अंतर.

गाडी आली. सायकलचं चित्र असलेल्या दारातून आत घुसलो तर तिथे आधीच तीन सायकली, आणि घडीच्या सीटवर एक आजोबा. मी मनात म्हटलं, झालं, आता बोलणी खायची. आजोबा उठले, सीट वर केली, आणि एकच प्रश्न विचारला, "मेल्क?" मी मान हलवली. मग त्यांनी सगळ्या सायकली बाहेर ओढून पुन्हा लावल्या. ज्याला आधी उतरायचंय त्याची बाहेरच्या बाजूला, ज्याला लांब जायचंय त्याची आत. आमच्या आत गेल्या. पट्टा आवळला आणि स्वतः उभे राहिले. ऐंशीच्या आसपासचा माणूस!

याला चीटिंग म्हणतोस तू?

बरं, तिकडे सगळं गोडच असतं असंही नाही, मान्य. जर्मनीत सायकलचं वेगळं तिकीट काढावं लागतं, आयसीईसारख्या वेगवान गाडीत जागा आधी राखून ठेवावी लागते. नेदरलँड्समध्ये, जिथे सायकल म्हणजे दैवत, तिथेही ऐन गर्दीच्या वेळेत साधी सायकल गाडीत चढवू देत नाहीत. घडीची असेल तर चालते. आणि जागा भरली की भरली, पुढच्या गाडीची वाट बघा. पण नियम आहे म्हणजे तुमचा विचार झालाय ना कुणीतरी! कोपनहेगनच्या लोकल गाड्यांत तर २०१० पासून सायकल फुकट नेता येते. आपल्याकडे सायकल न्यायची म्हणजे पार्सल ऑफिस, पावती, ब्रेक व्हॅन, आणि उतरल्यावर ती आलीय की नाही या धास्तीने फलाटावर धावायचं. लोकलमध्ये माणसाला जागा नाही तिथे सायकलचं काय घेऊन बसलीस, म्हणाल. हो, तेही खरंच आहे. पण म्हणून मागायचंच नाही का?

माझा राग खरं तर याचा नाहीये. राग त्या "पूर्ण केलं की नाही" या खुळाचा आहे. स्ट्राव्हावर, म्हणजे राइड नोंदवणाऱ्या त्या ॲपवर, रेघ तुटली म्हणून सहल तुटली? डॅन्यूबवर लोक पासाऊहून व्हिएन्नाकडेच का जातात माहितीये? नदी तिकडे उतरते म्हणून, आणि वारा बहुतेक वेळा पाठीवर असतो म्हणून. ते चालतं. वाऱ्याने ढकललं तर सायकलिंग, इंजिनाने ओढलं तर चीटिंग!

ते आजोबा आमच्या आधीच्या कुठल्याशा स्टेशनवर उतरले. जाताना नवऱ्याच्या सायकलच्या सीटवर दोन थापा मारल्या, बैलाच्या पाठीवर मारतात तशा. नवरा एरवी कुणाला पटकन थँक्यू म्हणत नाही, तो दारापर्यंत गेला.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. मेल्कचा तो पिवळाधमक मठ मागे टाकून आम्ही वाखाऊच्या खोऱ्यात शिरलो. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे उतार, जर्दाळूच्या बागा, दारोदारी जर्दाळूच्या जॅमच्या बाटल्या. क्रेम्सपर्यंत छत्तीसेक किलोमीटर, आणि नवरा पुढे, मी मागे. गिअर एकदाही हलका झाला नाही. आदल्या दिवशी इरेला पेटून पावसात पायडल मारली असती, तर हे सगळं मी एकटीने बघितलं असतं, आणि तो हॉटेलात गुडघ्याला बर्फ लावून बसला असता.

लिहिता लिहिता राग गेलाच बघा. तो भिडू सव्वीस वर्षांचा आहे, त्याचे गुडघे अजून गॅरंटीत आहेत. त्या वयात मीही हेच बोलले असते, कदाचित जास्त खोचक.

तर भिडू, तुला टॅग करत नाही, पण तू वाचणार हे माहितीये. रविवारी सिंहगड पायथ्यापर्यंत येतोय आम्ही दोघं. चहा तुझ्याकडून. आणि नवऱ्याला यायला उशीर झाला तर थांबायचं, पुढे निघून जायचं नाही.