मामांचा फॉरवर्ड आणि गॅरेजमधलं विमान

मागच्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर मामांनी एक फॉरवर्ड टाकला. तुमच्याकडेही आला असेल, मला तर तीन ठिकाणांहून आला. मजकूर थोडक्यात असा: 'अमेरिकेत कुणीही कारच्या किमतीत विमानाचं किट मागवतो, तीन महिन्यांत गॅरेजमध्ये जोडतो आणि उडवतो. लायसन्स नको, सरकारी तपासणी नको. आपल्याकडे मात्र मराठी माणसानं गच्चीवर विमान बनवलं तर सरकारनं अडवलं!' त्याखाली कुणा शहाण्यानं जोडलं होतं, 'असली विमानं म्हणजे उडत्या शवपेट्या. इंजिन बंद पडलं की दगडासारखी खाली.'

मी इलिनॉयमध्ये राहतो. ऑफिसातला एक सहकारी त्याच्या गॅरेजमध्ये दोन सीटचं ॲल्युमिनियमचं विमान बांधत होता आणि तीन हिवाळे शनिवारची हमाली माझ्याकडे होती. त्यामुळे मामांना नुसता अंगठ्याचा इमोजी टाकून गप्प बसणं जमलं नाही.

आधी ते तीन महिने. ओरेगनच्या व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनीचं आरव्ही-७ हे या जातीतलं एक लोकप्रिय विमान. त्याच्या साध्या किटला साधारण दीड ते दोन हजार तास लागतात. तीन महिन्यांत संपवायचं तर रोज किमान सोळा-सतरा तास, तेही एकदाही न चुकता. दर शनिवारी आठ तास धरले तर चार-पाच वर्षं. बहुतेकांचं गणित या दुसऱ्या बाजूला असतं, आणि अर्धवट सोडलेली किटं विकायला निघतात तीही त्यामुळेच.

'जोडतो' या शब्दावर माझा जास्त राग आहे. जणू आयकियाचं कपाट! पंखाचा पत्रा फासळ्यांवर बसवायचा म्हणजे काय, ते एकदा बघाच. आधी क्लिको नावाच्या स्प्रिंगच्या चिमट्यांनी पत्रा तात्पुरता अडकवायचा, भोकं पाडायची, मग सगळं पुन्हा सुटं करायचं. प्रत्येक भोकाची बर, म्हणजे कडेला उरलेली खरखरीत धार, काढायची, कारण त्या बारीक धारेतूनच पुढे तडा जातो. मग रिव्हेटचं डोकं पत्र्याशी सपाट बसावं म्हणून भोकाला खळी पाडायची, रंगाचा हात द्यायचा, परत क्लिको, आणि मग कुठे रिव्हेट. बाहेरून एकजण हवेची गन धरतो, आत दुसरा लोखंडी ठोकळा दाबून बसतो. तो दुसरा मी. कोपरापर्यंत हात पंखाच्या आत, डोळ्यांना काही दिसत नाही, सगळं बोटांवर. २.४ मिलिमीटरच्या रिव्हेटचं आतलं टोक चेपून ३.६ मिलिमीटर रुंद आणि १.२ मिलिमीटर उंच व्हायला हवं. ठोकळा जरा तिरका झाला की टोक एका बाजूला कलंडतं. मग ते काढायचं की ठेवायचं यावर चहा होतो, कारण ड्रिलनं काढताना भोक मोठं झालं तर आधीचा वाकडा रिव्हेट बरा होता असं म्हणायची पाळी येते. असे रिव्हेट हजारोंनी असतात.

आणि किट आलं म्हणजे सगळं निर्धोक, असंही नाही. २०२३ मध्ये व्हॅन्सच्या लेझरनं कापलेल्या काही भागांत, खळी पाडताना भोकांच्या कडेला तडे जातात, असं दिसून आलं. तपासण्या झाल्या, भाग बदलून द्यायची वेळ आली, आणि इतर अडचणींची भर पडून डिसेंबरमध्ये कंपनीनं दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. पुढे ती सावरली.

'कारच्या किमतीत' याला एकच ओळ पुरे: कंपनीच्या यादीत दिसते ती पत्र्याची किंमत, तिच्यात इंजिन, पुढचा पंखा (प्रोपेलर), उपकरणं, रंग काही नसतं, आणि एकटं नवं इंजिनच कित्येकदा पत्र्याइतकं महाग पडतं.

'तपासणी नको' हे साफ खोटं. इथला नियम सांगतो की निम्म्याहून अधिक काम हौशी माणसानं, शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेलं असलं पाहिजे. बोलीत त्याला एक्कावन्न टक्क्यांचा नियम म्हणतात. म्हणून माझा सहकारी प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून वही भरत असे. विमान पुरं झालं की एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी विमान वाहतूक खात्याचा, निरीक्षक किंवा त्यांनी नेमलेला माणूस येतो, झाकणं उघडून आत बघतो, वही आणि वजनाचा तक्ता तपासतो. मग प्रमाणपत्र मिळतं, आणि आत शिरायच्या जागी 'एक्सपेरिमेंटल' असं ठळक लिहावं लागतं. त्यानंतर पहिले २५ किंवा ४० तास ठरवून दिलेल्या हद्दीतच उडायचं, पाहुण्यांना घ्यायचं नाही. इंजिन आणि पंख्याची जोडी प्रमाणित असेल तर २५, नाहीतर ४०. पुढे दरवर्षी तपासणी आहेच. फॉरवर्डच्या बाजूनं एवढं मात्र म्हणेन की निरीक्षक आराखड्याची हमी घेत नाही. पंख किती भार सोसेल हे तो मोजत बसत नाही. ती जबाबदारी बांधणाऱ्याच्या मानेवर.

लायसन्सची भानगड मजेशीर आहे, कारण इथे फॉरवर्डला थोडा आधार आहे. रिकामं वजन ११५ किलोच्या आत, एक सीट, साधारण १९ लिटर पेट्रोल, वेग ५५ नॉटपर्यंत (ताशी सुमारे १०० किलोमीटर): अशा अल्ट्रालाइटला अमेरिकेत खरंच पायलटचं लायसन्स लागत नाही. पण ते म्हणजे पंख लावलेली खुर्ची. दुसरी गफलत २००४ मधली. तेव्हा लाइट स्पोर्ट वर्ग आला: दोन सीट, ६०० किलोची मर्यादा (२०२५ च्या नव्या नियमांनी ती काढली). त्यासाठीच्या स्पोर्ट पायलटला वैद्यकीय प्रमाणपत्राऐवजी गाडीचं लायसन्स चालतं. याचंच कुणीतरी 'गाडीच्या लायसन्सवर विमान' केलं. वास्तविक किमान २० तासांचं शिक्षण आणि परीक्षा आहेच.

आता शवपेट्या. इंजिन बंद पडलेलं विमान दगडासारखं पडत नाही, ते तरंगत उतरतं. सेसना १७२ हजार मीटरवरून साधारण नऊ किलोमीटर जाते. घरी बांधलेली काही बुटकी, जाड पंखांची विमानं कमी जातात, पण शेत शोधायला वेळ मिळतो. हे सांगून मी 'सगळं सुरक्षित' मात्र म्हणणार नाही. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळानं २०१२ मध्ये अहवाल दिला: २०११ मध्ये खासगी-हौशी विमानांच्या ताफ्यात घरी बांधलेली जेमतेम १० टक्के, पण अपघातांत त्यांचा वाटा सुमारे १५ टक्के आणि जीवघेण्या अपघातांत २१ टक्के. त्याच अहवालातली एक गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. त्या वर्षी अपघात झालेल्या अशा विमानांपैकी निम्म्याहून अधिक विमानं वापरणाऱ्यानं बांधलेली नव्हती, जुनी विकत घेतलेली होती.

गायक जॉन डेन्व्हर १९९७ मध्ये गेला, तो असाच. विमान लाँग-ईझेड, बर्ट रटन या विमान-रचनाकाराचा आराखडा, बांधलेलं दुसऱ्यानं, डेन्व्हरनं नुकतंच घेतलेलं. जुन्या स्कूटरला रिझर्व्हचा कॉक असायचा ना, तसा टाकी बदलायचा कॉक विमानालाही असतो. मूळ आराखड्यात तो समोर, पायांच्या मधोमध. बांधणाऱ्यानं तो पायलटच्या डाव्या खांद्यामागे नेला. तिकडे वळून हात घालताना उजवा पाय रडरच्या, म्हणजे शेपटीच्या सुकाणूच्या, पेडलवर दाबला गेला असावा, असा तपासाचा निष्कर्ष. पेट्रोलही कमी होतं. पंख तुटला नव्हता, पत्रा फाटला नव्हता. एका कॉकची जागा बदलली होती.

राहता राहिली गच्ची. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर टीएसी-००३ बांधलं. ते किट नव्हतं, सहा सीटचं विमान होतं, आणि म्हणूनच आरव्हीशी तुलना त्यांना कमी लेखणारी आहे. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते बीकेसीत लोकांनी पाहिलं. नोंदणी २०१७ मध्ये झाली, व्हीटी-एनएमडी या नावानं. उड्डाणाची परवानगी २०१९ ची, चाचणी उड्डाण २०२० मध्ये धुळ्यात. म्हणजे 'अडवलं' असं म्हणून गोष्ट तिथेच संपवणं खोटं. वर्षानुवर्षं रखडलं हे मात्र खरं, आणि त्या तक्रारीत मी मामांच्या बाजूनं आहे.

हे सगळं टाइप करून ग्रुपवर टाकलं. तासाभरानं मामांचं उत्तर आलं: 'ते असू दे. तू बसलास का त्यात?'

'नाही मामा. चाळीसातले अजून अठरा तास बाकी आहेत.'