सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे गर्भाशय निर्दोष, असे नाही

‘सोनोग्राफी नॉर्मल आली, म्हणजे मूल न होण्याचे कारण गर्भाशयात नाही’ हा सर्वत्र फिरणारा दावा अर्धवट आहे. साध्या सोनोग्राफीत मोठी फायब्रॉइडची गाठ सहसा दिसते. परंतु लहान पॉलिप (आतल्या अस्तराची मऊ वाढ) किंवा क्युरेटिंगनंतर (गर्भाशय आतून खरवडून साफ केल्यावर) आतल्या भिंती चिकटून झालेले बंध निसटू शकतात. क्युरेटिंगनंतर पाळीचा स्राव कमी झाला असेल, तर ते अशा बंधांचे लक्षण असू शकते; डॉक्टरांना आवर्जून सांगावे. एचएसजीच्या, म्हणजे गर्भाशयात द्रव सोडून काढलेल्या, एक्स-रेत पोकळीचा आकार व बीजनलिका कळतात, मात्र गर्भाशयाची बाहेरची कड दिसत नसल्याने मधला पडदा (पोकळीचे आतून दोन भाग करणारा) आणि दुशिंगी गर्भाशय (बाहेरूनही वरच्या बाजूस दुभंगलेले) यांतला फरक खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी थ्रीडी सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो. हा फरक किरकोळ नव्हे: पडदा दुर्बिणीतून कापता येतो, दुशिंगी गर्भाशयात तसे कापणे धोक्याचे ठरते.