अणुबॉम्ब हाय, मंग तोफगोळे कायले?

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावकडं कोणालाही फोन लावा, पाकिस्तानचा विषय निघाला की ठरलेलं वाक्य, "आपल्यापाशी अणुबॉम्ब हाय ना, मंग भ्याचं कायले!" आमचे काका तर म्हणतात तोफा-रणगाड्यावर पैसा घालण्यापेक्षा कापसाले भाव द्या. कापसाचं पटते राजेहो, बाकीचं नाही.

मी राहतो जर्मनीत, कोब्लेन्झला. तासाभरावर ब्यूखेलचा हवाई तळ, तिथं अमेरिकेचे अणुबॉम्ब आहेत हे सरकार तोंडानं सांगत नाही पण शेंबड्या पोरालाही माहीत आहे. विमान जर्मनीचं, पायलट जर्मन, बॉम्ब अमेरिकेचा आणि परवानगी वॉशिंग्टनची. त्यासाठी 35 एफ-35 विमानं घेतायत. आता ट्रम्पचा भरवसा नाही म्हणून फ्रान्सच्या बॉम्बचा आसरा घ्यायचा का यावर इथं काथ्याकूट चाललाय, मला ती निम्मी पळवाटच वाटते, कारण रशिया युक्रेनमध्ये घुसल्यावर कमी काय पडलं तर 155 एमएमचे साधे तोफगोळे! मार्च 2024 पर्यंत युक्रेनला दहा लाख देतो म्हणून युरोपियन युनियननं शब्द दिला, मुदतीत गेले जेमतेम निम्मे.

आधी नाटोचंही, म्हणजे अमेरिका-युरोपच्या लष्करी युतीचंही, काकांसारखंच होतं, हल्ला केला तर थेट अणुबॉम्ब. पण थेट अमेरिकेपर्यंत पोचणारे बॉम्ब रशियाकडंही आल्यावर ती धमकी खरी कोणाला वाटणार, जर्मनीतल्या एका गावासाठी अमेरिका न्यूयॉर्क पणाला लावेल का? म्हणून 1967 मध्ये धोरण बदललं, आधी साध्या फौजेनं अडवा, बॉम्ब शेवटी. काका स्वतः रानडुकरांसाठी रात्रभर जागलीवर बसतात, तारेत थेट लाइन सोडत नाहीत, तेव्हा हे त्यांना समजायला पाहिजे.

आणि कारगिल? 1998 ला दोघांनीही अणुचाचण्या केल्या, 1999 ला घुसखोरी झालीच. बॉम्बमुळं लढाई पसरली नाही हे खरं, पण शिखरं परत मिळाली ती जवानांमुळं अन् बोफोर्समुळं. तो दारूगोळा कुठं साठवतात हे पुलगाववाल्यांना मी काय सांगू, 2016 ला तिथल्या लष्कराच्या दारूगोळा डेपोत आग लागली तेव्हा आजूबाजूची गावं रातोरात खाली करावी लागली होती.

जर्मनी 2027 पर्यंत रशियाच्या सीमेला लागून असलेल्या लिथुआनियात पाचेक हजारांची फौज (ब्रिगेड) कायमची ठेवणार आहे. ब्यूखेलच्या बॉम्बपेक्षा मला त्यातच जास्त दम वाटतो, कारण हल्ला झाला तर पहिल्याच दिवशी जर्मन पोरं मधात असतील, मग बर्लिनला विचार करत बसता येणार नाही. आपल्यासाठी तर धावून येणारी नाटोसारखी युतीही नाही. म्हणून काका, कापसाचा भाव जोरात मागा, पण तो तोफगोळ्यांच्या पैशातून नका मागू.