महिनाभर उठवायचं नाही म्हणे!

डिचोलीच्या मामीने परवा फिजिओथेरपिस्टला फोन करून सांगितलं, उद्यापासून येऊ नका. कारण एक व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड: 'पॅरालिसिसच्या रुग्णाला महिनाभर अंथरुणावरून उठवू नका. तेलाने मालीश करा, दर तासाला पातळ पेज पाजा. नर्स-फिजिओ ही लूट, घरची माणसं पुरेत. तीन महिन्यांत हात हलला नाही तर आशा सोडा.' मामा बांबोळीच्या इस्पितळातून घरी येऊन जेमतेम अकरा दिवस झालेत.

पेजेपासून सुरू करतो, कारण त्यात जीव जाऊ शकतो. स्ट्रोकनंतर, म्हणजे ज्या मेंदूच्या झटक्याने पॅरालिसिस होतो त्यानंतर, गिळण्याचे स्नायूही लुळे पडू शकतात. मग पाणी, चहा, पेजेची निवळ असं पातळ घशात आवरत नाही, श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. काहींना ठसकाही लागत नाही, त्यामुळे घरच्यांना पत्ता नसतो. मी गेलो तेव्हा मामी आडव्या पडलेल्या मामांना वाटीने पेज पाजत होती. प्रत्येक घोटानंतर मामांचा आवाज ओला, गुळणी तोंडात धरून बोलल्यासारखा. मामी म्हणाली, कफ झालाय. डिस्चार्जच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं: ताठ बसवून, घट्टसर, चमचा-चमचा. कागद कपाटात, फॉरवर्ड हातात!

उठवू नका, यात कणभर तथ्य आहे. पहिल्या २४ तासांतच वारंवार उभं करून चालवल्याने नुकसान होऊ शकतं, हे २०१५ च्या, स्ट्रोकच्या रुग्णांवरच्या अ‍ॅव्हर्ट चाचणीत दिसलं. पण ते पहिल्या दिवसाचं. महिनाभर झोपवलंत तर माकडहाडावर जखमा होतील, पायात रक्ताची गुठळी होईल, सांधे आखडतील. आणि उठवताना लुळा हात धरून ओढू नका, खांदा सांध्यातून निसटतो. मामांच्या खांद्यात आताच बोट जाईल एवढी खाच पडलीय.

घरची माणसं पुरेत? हे भारतातच तपासून झालंय. अटेंड चाचणीत १४ रुग्णालयांतले १,२५० रुग्ण होते. निम्म्यांच्या घरच्यांना व्यायाम रीतसर शिकवले, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने निकाल छापला: सहा महिन्यांनी दोन्हीकडे ४७ टक्के रुग्ण दगावलेले किंवा परावलंबी. शिकवलेल्या घरच्यांनी ही गत, आणि आमची मामी फॉरवर्डवर शिकलेली.

लुटीचं म्हणाल तर, नाइलाजाने मान्य. नर्स म्हणून पैसे घेऊन बिनशिकलेली मदतनीस पाठवणारे आहेत. मग नोंदणी विचारा, कागद बघा. फिजिओ कशाला बंद करता?

तीन महिन्यांचं तर सोडाच. सुधारणेचा वेग सुरुवातीला जास्त असतो, एवढंच. नंतरही व्यायामाने हात सुधारलेले आहेत.

फिजिओला काल मीच फोन केला, उद्या दहाला येतोय. मामीने हळूच विचारलं, "तेलाची बाटली तरी ठेवू ना?"

ठेव गो मामी, तेवढी ठेव. फक्त खांदा ओढू नको.