‘शहरात हेल्मेट कशाला?’ या मेसेजला मुद्देसूद उत्तर

पुण्यात पोलिसांनी हेल्मेटची कारवाई वाढवली, की एक मेसेज हमखास परत फिरू लागतो. थोडेफार शब्द बदलतात, मजकूर तोच: शहरात गाडी ताशी तीस-चाळीसच्या वर जातच नाही, त्यामुळे हेल्मेट हायवेपुरतं हवं आणि कायदाही तेवढंच सांगतो, हेल्मेटच्या वजनाने अपघातात मान मोडते, हॉर्न ऐकू येत नाही, बाजूचं दिसत नाही, केस गळतात, हा सगळा कंपन्यांचा धंदा आहे, आधी खड्डे बुजवा, आणि करायचंच असेल तर प्रबोधन करा, सक्ती नको.

वेगाचा मुद्दा सगळ्यात पटणारा आहे, म्हणून आधी तोच घेऊ. यात गृहीत असं आहे, की डोकं फुटायला गाडीला वेग असावा लागतो. स्कूटरवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर वर असतं. तिथून ते थेट रस्त्यावर आलं, तर आदळताना त्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या जवळ जातो, गाडी जागेवर उभी असली तरीही. सिग्नलला थांबलेल्या गाडीला मागून रिक्षाने ढकललं, वळणावर वाळूवरून चाक घसरलं, डबलसीट बसलेली आई स्पीडब्रेकरवर मागच्या मागे पडली: स्पीडोमीटरचा काटा यातल्या कशातच फारसा कामाचा नाही. हेल्मेटमध्ये जो थर्माकोलचा थर असतो तो नव्या टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलसारखा स्वतः चेपतो आणि डोक्याला थांबायला दोन-तीन सेंटिमीटर जागा देतो. डांबर ती देत नाही.

वेगाबद्दल जुना आणि भक्कम पुरावाही आहे. अमेरिकन संशोधक हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस भागात ९०० मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले. १९८१ च्या त्यांच्या अहवालात धडकेच्या क्षणीचा मध्यक वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आत आला, म्हणजे निम्मे अपघात त्याहूनही कमी वेगाचे. हे अमेरिकेत, मोठ्या इंजिनांच्या गाड्यांवर. शिवाय बरेचसे अपघात लांबच्या सफरींवर नाही, घराजवळच्या छोट्या फेऱ्यांत झालेले होते. आपल्या भाषेत, कोपऱ्यावरून दूध आणताना.

कायदा हायवेपुरता आहे हे तर सरळ खोटं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये ‘सार्वजनिक ठिकाणी’ असं म्हटलंय, हायवेचं नाव नाही. चार वर्षांवरील प्रत्येकाला, चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही, ते लागू आहे. पगडी घालणाऱ्या शिखांना सूट आहे. पुणेरी पगडीला नाही.

आता मान. या अफवेचं मूळ सापडतं. १९८६ साली अमेरिकेतल्या एका अर्थशास्त्रज्ञाने आकडेवारीची मांडणी करून असा निष्कर्ष काढला, की ठरावीक वेगाच्या पुढे हेल्मेटमुळे मानेच्या इजा वाढतात. हेल्मेटविरोधकांनी तो उचलला आणि तो आजतागायत फिरतोय. त्यानंतर काय झालं ते मेसेजमध्ये येत नाही. २०११ साली जॉन्स हॉपकिन्स या अमेरिकी विद्यापीठाच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या ४० हजारांहून जास्त अपघातग्रस्त मोटरसायकलस्वारांच्या नोंदी तपासल्या. हेल्मेट घातलेल्यांत मानेच्या मणक्यांची इजा २२ टक्क्यांनी कमी आढळली. कोक्रेन ही वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणारी संस्था; ६१ अभ्यास एकत्र करणारा तिचा २००८ चा आढावा मानेबाबत सावध आहे, ठाम बोलण्याइतका पुरावा नाही असं तो म्हणतो. पण डोक्याबाबत तो अजिबात कचरत नाही: डोक्याच्या इजेचा धोका ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा ४२ टक्क्यांनी कमी.

मानेच्या भीतीत एक खरा कण आहे, तो मात्र वेगळ्या जागी. पडलेल्या माणसाचं हेल्मेट बघ्यांनी घाईने ओढून काढलं, तर दुखावलेल्या मानेला जास्त इजा होऊ शकते. श्वास नीट चालू असेल तर मदत येईपर्यंत ते काढू नये. काढावंच लागलं तर एकाने डोकं-मान स्थिर धरावी, दुसऱ्याने पट्टा सोडून हळूच काढावं. हे फॉरवर्ड झालं तर उपयोग होईल.

हॉर्न ऐकू न येणं, बाजूचं न दिसणं हे हर्ट यांनीही तपासलं होतं; रहदारीचे महत्त्वाचे आवाज किंवा नजरेचा आवाका हेल्मेटमुळे कमी होताना दिसला नाही. ओरखडे पडलेली काच असेल तर दिसणार नाहीच, काच बदला. आणि दोन्ही कानांत इअरफोन घालून हे वाचत असाल तर पुढे जाऊ. केसांबद्दल एवढंच, की घरातल्या टकल्या मंडळींनी आयुष्यात कधी हेल्मेट घातलं होतं का ते विचारा. आतलं अस्तर मात्र अधूनमधून धुवा.

कंपन्यांचा डाव म्हणावा, तर हेल्मेटचा आग्रह धरणाऱ्या सुरुवातीच्या मोठ्या माणसांत एक मेंदूचा शल्यविशारद निघतो. ह्यू केर्न्स हे १९३५ साली मोटरसायकल अपघातात गेलेल्या टी. ई. लॉरेन्सवर (‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’) उपचार करणाऱ्यांपैकी एक. पुढे त्यांनी मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ साली ब्रिटिश सैन्याने निरोप्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. धंदा होतो हे खरं. औषधांचाही होतो.

खड्ड्यांचा राग रास्त आहे. पण खड्डे आहेत म्हणून हेल्मेट नको, हे तर्कशास्त्र मला कधीच कळलं नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८अ प्रमाणे रस्त्याच्या बांधणी-देखभालीत कसूर करून कुणाचा जीव गेला किंवा कुणी अपंग झालं, तर ठेकेदार-यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. ते कलम फॉरवर्ड होताना दिसत नाही.

उरलं प्रबोधन. दर जानेवारीत चौकाचौकांत यमराज उभा राहतो, हेल्मेट नसलेल्याला गुलाब मिळतो, फोटो छापून येतो. गुलाब घेऊन माणूस तसाच पुढे जातो. व्हिएतनामचा अनुभव बघा, कारण तिथली शहरं पुण्यासारखीच स्कूटरवर चालतात. आधी तिथे ठरावीक रस्त्यांवरच हेल्मेट सक्तीचं होतं आणि पाळणारे थोडे. मग आधी भरपूर जाहिराती करून १५ डिसेंबर २००७ पासून सगळ्या रस्त्यांवर, सगळ्यांना सक्ती झाली. वापर ९० टक्क्यांच्या वर गेला. पुढच्या तीन महिन्यांत २० रुग्णालयांच्या नोंदींत, रस्ते अपघातातल्या रुग्णांमध्ये डोक्याच्या इजेचा धोका १६ टक्क्यांनी आणि मृत्यूचा १८ टक्क्यांनी घटला. मुलांच्या मानेला हेल्मेट बाधतं ही अफवा तिथेही होती आणि बरीच मुलं त्यामुळे हेल्मेटविना राहिली. प्रबोधन आणि दंड दोन्ही लागले. एक दुसऱ्याच्या जागी चालला नाही.

आपल्या मोहिमांत खटकतं ते हे, की ‘हेल्मेट घाला’ याच्या पुढे कुणी जात नाही. चौकातल्या पावतीपासून वाचवणारी रस्त्याकडेची टोपी आणि आयएस ४१५१ या भारतीय मानकाचा आयएसआय शिक्का असलेलं हेल्मेट यांतला फरक सांगायला हवा. १ जून २०२१ पासून बिनशिक्क्याचं विकणं बेकायदा आहे. बक्कल न लावलेलं हेल्मेट डोक्याआधी रस्त्यावर जातं. घालून मान हलवली तर कपाळाची कातडी सोबत हलली पाहिजे, हेल्मेट मोकळं फिरता कामा नये. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी टाकून द्यावं, कारण आतला थर एकदाच चेपतो. अर्ध्या हेल्मेटमध्ये हनुवटी आणि जबडा उघडाच राहतो. पडताना माणूस सवयीने हात पुढे टाकतो, म्हणून जॅकेटच्या आधी हातमोजे घ्या.

आणि मागे बसणाऱ्यांचं काय? मेसेजमध्ये त्यांचा उल्लेखच नाही, मोहिमांतही क्वचित. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण देशात मेले. त्यांतले १४,३३७ गाडी चालवत नव्हते, मागे बसले होते. दुसरं हेल्मेट घेताना त्यांनाच दुकानात सोबत न्या आणि त्यांच्या डोक्याच्या मापाचं घ्या; आपलं जुनं त्यांच्या माथी मारू नका.