कागदावर फुकट दुरुस्त होणाऱ्या चुका

दिवाळीच्या सुट्टीत माझा १४ वर्षांचा भाचा आमच्याकडे राहायला आला होता, तेव्हा मी त्याला जॉन कार्पेंटर यांचा ‘डार्क स्टार’ (१९७४) हा विज्ञानपट दाखवला. कार्पेंटर आणि डॅन ओबॅनन यांनी कॅलिफोर्नियात चित्रपटाचे शिक्षण घेत असताना हे काम सुरू केले आणि साधारण ६० हजार डॉलरांत ते पुरे केले. त्यातील अंतराळयानावर परग्रहावरचा एक प्राणी पाळलेला आहे. हा प्राणी म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर मुले खेळतात तसला हवा भरलेला मोठा चेंडू असून त्याला खाली दोन पंजे चिकटवलेले आहेत. भाचा पोट धरून हसला आणि त्याला हसू नकोस असे सांगण्याचे मला काहीच कारण नव्हते, कारण तो चेंडू चेंडूच दिसतो.

शेवटाकडे मात्र त्याच यानाच्या पोटात एक बोलणारा, विचार करणारा बॉम्ब अडकतो आणि मला फुटण्याची आज्ञा आहे, मी फुटणारच, असा हट्ट धरून बसतो. यानातील एक जण तरंगत बाहेर जातो आणि त्याच्याशी वाद घालू लागतो. तुला आज्ञा मिळाली हे तुला कशावरून कळले? तुझ्या इंद्रियांनी सांगितले म्हणून? पण ती इंद्रिये खरे सांगतात याला पुरावा काय? बॉम्ब विचारात पडतो. भाचा एव्हाना गप्प झाला होता. थोड्या वेळाने त्याने हळूच विचारले, “मामा, मग तो फुटणार की नाही?” एक नट, एक आवाज आणि बॉम्बची एक प्रतिकृती एवढ्या सामग्रीवर उभे राहिलेले हे दृश्य मी आजवर पाहिलेल्या विज्ञानपटांतील सर्वोत्तम दृश्यांपैकी एक आहे, आणि चेंडूवर हसणारा मुलगाही त्यापुढे हसू शकला नाही.

तुटपुंज्या पैशांत केलेल्या विज्ञानपटांविषयी आपल्याकडे दोनच प्रकारे बोलले जाते. एक तर त्यांची टिंगल होते, नाही तर बिचाऱ्यांनी एवढ्याशा पैशांत केले म्हणून सगळे पोटात घातले जाते. मला दोन्ही पटत नाही. पैसा नव्हता म्हणून राहिलेली उणीव आणि कागद-पेन्सिल घेऊन आणखी दोन आठवडे बसले असते तर फुकटात निघून गेली असती अशी उणीव, यांत फरक केला पाहिजे. पहिली मी आनंदाने सोडून देतो आणि पुष्कळदा तिच्यावर जीवही जडतो. दुसरी मात्र मी कोणालाही माफ करत नाही.

व्हिन्सेन्झो नताली या कॅनडातील दिग्दर्शकाचा ‘क्यूब’ (१९९७) घ्या. काही माणसे एका घनाकृती खोलीत जागी होतात. तिच्या सहाही बाजूंना दारे आहेत आणि प्रत्येक दारापलीकडे तशीच दुसरी खोली आहे. काही खोल्यांत जीवघेणे सापळे आहेत. पडद्यावर आपल्याला अशा हजारो खोल्यांचा चक्रव्यूह जाणवतो, पण प्रत्यक्षात सुमारे १४ फुटांची एकच पूर्ण खोली बांधलेली होती. भिंतींतील रंगीत तावदाने बदलली की ती नवी खोली होत असे, आणि ती बदलायला वेळ लागत असल्यामुळे एका रंगाची सगळी दृश्ये एकत्र उरकून मग पुढचा रंग घेतला जाई. तरीही पाहताना ही एकच खोली आहे असे मनात येत नाही. मनात येते ते हेच, की कुठल्याही दारातून गेले तरी हीच खोली, हाच आकार, आणि सुटका नाही. एकच खोली बांधण्यापुरता पैसा असणे ही अडचण इथे पात्रांची कोंडी झाली आहे, आणि त्याबद्दल नताली यांना सलाम.

पण याच चित्रपटात दारांवर तीन-तीन आकडी संख्या कोरलेल्या आहेत, त्यांच्या अवयवांवरून खोली सुरक्षित आहे की नाही हे ठरते, आणि गणिताची हुशार विद्यार्थिनी असलेले पात्र तीन आकडी संख्येचे अवयव मनात पाडणे जवळजवळ अशक्य असल्यासारखे हताश होते. पुढे ते काम एक विलक्षण बुद्धीचा तरुण करतो, जणू काही चमत्कारच. गणिताची गोडी असलेला शाळकरी मुलगाही हे काम थोड्या वेळात करील. ही चूक दुरुस्त करायला एक पैसा लागला नसता. संख्या मोठ्या घेतल्या असत्या, नऊ आकडी किंवा बारा आकडी, तरी पुरे होते. ज्या चित्रपटाकडे दाखवायला फारसे काही नाही, त्याचा सगळा जीव तर्कात असतो आणि तो तर्कच पोकळ निघाला तर मग हातात उरते काय? प्रचंड खर्चाच्या चित्रपटात अशी चूक स्फोटांच्या धुरात लपून जाते. इथे ती उघड्यावर पडते.

आता ज्या चित्रपटासाठी मी हे सगळे लिहायला बसलो त्याकडे येतो. शेन कॅरुथ यांचा ‘प्रायमर’ (२००४). खर्च सुमारे सात हजार डॉलर, लांबी ७७ मिनिटे, चित्रीकरण अमेरिकेतील डॅलस शहराच्या आसपास. कॅरुथ गणित शिकलेले आणि अभियंता म्हणून नोकरी केलेले गृहस्थ. लेखन, दिग्दर्शन, संकलन आणि संगीत त्यांचे स्वतःचे, शिवाय दोन मुख्य भूमिकांपैकी एक त्यांनीच केली. चित्रफितीचा खर्च परवडणारा नसल्यामुळे पुन्हा पुन्हा चित्रण करण्याची चैन त्यांना नव्हती. त्या वर्षी अमेरिकेतील स्वतंत्र चित्रपटांच्या सनडान्स महोत्सवात या चित्रपटाला परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

गॅरेजमध्ये फावल्या वेळात खटपट करणाऱ्या तरुण अभियंत्यांच्या हातून, भलतेच काही बनवताना, कालयंत्र तयार होते. ते यंत्र म्हणजे माणूस आडवा मावेल अशी पेटी, आणि ती ठेवायला भाड्याने घेतलेले गोदामाचे खण. पेटीचा नियम साधा आहे. सहा तास मागे जायचे असेल तर सहा तास पेटीत पडून राहावे लागते, आणि पेटी ज्या क्षणी सुरू केली त्याच्या आधीच्या काळात जाता येत नाही. म्हणून सकाळी पेटी सुरू करायची, दिवसभर शहराबाहेरच्या हॉटेलात फोन बंद करून बसायचे, म्हणजे आपलीच दुसरी प्रत आपल्याला भेटणार नाही, मग संध्याकाळी पेटीत शिरायचे आणि पुन्हा सकाळी बाहेर पडायचे. काळातून जाणे इतके कंटाळवाणे, इतके घामट आणि म्हणूनच इतके खरे मी दुसऱ्या कुठल्याही चित्रपटात पाहिलेले नाही. दिव्यांचे झोत नाहीत, गरगर फिरणारे आकाश नाही. पुढे या फेऱ्यांचा परिणाम दिसू लागतो तो असा की कानातून रक्त येते आणि दोघांचे हस्ताक्षर बिघडते. आपण काय केले आहे याची भीती ज्या दृश्यात पहिल्यांदा माझ्या पोटात उतरली, त्यात दोन माणसे आपले वेडेवाकडे झालेले अक्षर पाहत आहेत, एवढेच घडते.

‘प्रायमर’ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा आम्ही तीन मित्र होतो, आणि संपल्याबरोबर एकाने वही काढली. पहाटेपर्यंत आम्ही रेघा मारत होतो: कोणता एरन (दोन नायकांपैकी एक) कोणत्या पेटीतून आला, कोणाला किती ठाऊक आहे, मोबाइल पेटीतून मागे नेला तर फोन वाजेल तो कोणत्या खिशात. ती वही अजून माझ्याकडे आहे, आणि त्यातील शेवटची दोन पाने अजूनही जुळत नाहीत.

याच चित्रपटावर माझा आक्षेपही आहे. त्याचे उत्तरार्धातील दुर्बोधपण सगळेच्या सगळे विषयाच्या अवघडपणातून आलेले नाही. पार्टीतील बंदुकीचा प्रसंग, ज्यावर पात्रांची पुढची सगळी धडपड टांगलेली आहे, आपल्याला जवळजवळ ऐकीव बातमीसारखा कळतो. माणसे एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, वाक्ये अर्धी सोडतात, हे अभियंत्यांचे बोलणे म्हणून फार सुंदर आहे, पण महत्त्वाचा शब्दच ऐकू आला नाही तर त्याला शैली म्हणता येत नाही. स्त्री-पात्रे नावापुरती आहेत. त्यांच्या वाट्याला चार चांगली वाक्ये लिहायला कोणता खर्च आला असता?

ध्वनीविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण नवे लोक कॅमेऱ्यासाठी पैसे साठवतात आणि मायक्रोफोन उसना आणतात. चित्र धूसर असले, प्रकाश सपाट असला, पार्श्वभूमीचा पुठ्ठा ओळखू आला, तरी डोळा थोड्याच वेळात सवय करून घेतो. कान तसे करत नाही. घुमणारा, दूरचा, मागून चिकटवल्यासारखा आवाज आला की नट कितीही चांगला असो, तो खोलीत उभा आहे यावरचा आपला विश्वास उडतो. जेम्स वॉर्ड बर्किट यांचा ‘कोहिअरन्स’ (२०१३) त्यांनी स्वतःच्याच घरात पाच रात्रींत चित्रित केला. आठ नट होते, आणि बांधीव संवादांऐवजी प्रत्येकाला रोज फक्त आपल्यापुरती टिपणे मिळत. धूमकेतू जवळून जातो, वीज जाते, पलीकडे उजेड असलेले एकच घर दिसते आणि ते आपलेच घर निघते. तो अंधार मला खरा वाटला, कारण जेवणाच्या टेबलाभोवतीची कुजबुज खरी वाटली.

एड वुड यांच्या ‘प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस’बद्दल मी फार लिहिणार नाही. त्यातील नट बेला लुगोसी यांचे निधन झाल्यावर उरलेल्या दृश्यांत भलताच माणूस तोंडावर डगला ओढून फिरतो, आणि हे पाहायला लोक मुद्दाम जमून हसतात. मला त्या हसण्यात कधी सामील होता आले नाही.

मी नाशिकचा. माझ्या जिल्ह्यात मालेगाव आहे. तिथे शेख नासिर यांनी स्थानिक यंत्रमाग कामगारांना घेऊन चित्रपट केले, आणि त्यांचा ‘सुपरमॅन’ कसा घडला हे फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात टिपलेले आहे. यंत्रमागावर काम करणारा शफीक हा काडीसारखा किडकिडीत तरुण सुपरमॅन झाला. हिरव्या कापडापुढे त्याला आडवे धरून उडवले. कॅमेरा पुढे सरकवायला सायकल आणि उंच न्यायला बैलगाडी. शुक्रवारी माग बंद असतात तेव्हा सिनेमा पाहायला जाणाऱ्या गावाने आपल्यासाठी, आपल्या बोलीत आणि आपल्याच गल्ल्यांत केलेला हा चित्रपट होता. शफीक पुढे कर्करोगाने गेला. त्याचे ते कापडापुढचे उडणे कसे दिसते याची मीमांसा करण्याची मला इच्छा नाही. मालेगावावरून उडणारा माणूस त्याआधी कोणी दाखवला होता?

हिंदीत आरती कडव यांचा ‘कार्गो’ (२०१९) जरूर पाहा. ‘पुष्पक ६३४-ए’ नावाच्या यानावर एक राक्षस नोकरी करतो. मेलेली माणसे तिथे येतात, त्यांच्या जखमा बुजवल्या जातात, स्मृती पुसली जाते आणि त्यांना पुढच्या जन्माला पाठवले जाते. यानातील यंत्रे जुन्या सरकारी कचेरीतील वाटतात, पडद्यावरून सूचना देणारे वरिष्ठ नंदू माधव आहेत, आणि मरणानंतरच्या प्रवासाला फाइलींचा रुक्षपणा देणे ही कल्पना थेट आपल्या जगण्यातून आलेली आहे. उत्तरार्धात तोच तो भाव फिरून येतो आणि चित्रपट सैल पडतो, हेही खरे, आणि तो सैलपणा कात्रीने फुकटात निघाला असता.

मराठीत असे चित्रपट इतके कमी का, हा प्रश्न मला सतावतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. म्हणजे कल्पनांची परंपरा आपल्याकडे निदान पन्नास वर्षांची आहे, एका खोलीत, तीन नटांसह उभ्या राहतील अशा कथांना तोटा नाही, आणि आता प्रत्येकाच्या खिशातील फोन कॅरुथ यांच्या कॅमेऱ्यापेक्षा हाताळायला सोपा आहे. तुमच्यापैकी कोणी असा मराठी लघुपट केला असेल, अर्धवट सोडला असेल, किंवा संहिता लिहून ठेवली असेल, तर खाली कळवा. मी पाहीन, वाचीन, आणि आवाज नीट नसेल तर तसे स्पष्ट सांगेन. चेंडूला पंजे लावलेले असले तरी चालतील.